हॅडली कॉलेजचा नवा कोच

पाईन फोर्ड, मिसिसिपी
९ फेब्रुवारी १९७३

प्रिय लोरीन,

पार्सल काल पोचलं. आत निघालं ते असं: तुझा राखाडी कोट एक, अंजिराच्या मुरंब्याच्या बरण्या तीन (पैकी एक फुटलेली, कोटाच्या डाव्या बाहीत), क्लेटनचे जुने मोजे चार जोड आणि तुमच्या विद्यापीठाचं लाल-सोनेरी कॅलेंडर. टपालाला तुझा एक डॉलर ऐंशी सेंट गेला. बाही मी घरीच थंड पाण्यात धुतली, म्हणजे माझा खर्च साबणाचा तेवढा. कॅलेंडरवर तुमच्या संघाचा फोटो आहे म्हणून हर्शेलने ते भिंतीवर लावू दिलं नाही. मागच्या कोऱ्या बाजूवर मी वाणसामान लिहिते.

आता मोठी बातमी. आमच्या कॉलेजला फुटबॉलचा नवा कोच मिळाला. तुला ठाऊकच आहे, आमची मुलं ओळीने एकवीस सामने हरली आहेत. रविवारी ब्रदर टिलरी चर्चमध्ये विचारतात, "आज कोणाकोणासाठी प्रार्थना करायची?" तेव्हा आजारी माणसांची नावं झाली की लगेच संघाचं नाव पुकारलं जातं. गेल्या महिन्यात कोणीतरी ते मयतांच्या नावांनंतर पुकारलं आणि कोणाला त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही.

पण आता हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नाही. विश्वस्तांनी ठरवलंय की दोन हंगाम बघायचे. दुसऱ्या हंगामात हरण्यापेक्षा जिंकणं जास्त झालं नाही, तर फुटबॉल बंद आणि मैदानावर गाड्या लावायच्या. सव्वीस वर्षं हर्शेल त्या मैदानावर चुन्याच्या रेघा मारतोय, दर पाच यार्डांवर एक. कॉलेजचे अध्यक्ष त्याला म्हणाले, "काळजी करू नका, गाड्यांसाठीही रेघा लागतातच." हे त्यांनी धीर द्यायला सांगितलं. तेव्हापासून हर्शेल घरात बोलेनासा झालाय. टेबलावर समोर बसून मिठाची डबी मागायची तरी बोट दाखवतो.

कोचांचं नाव स्टॅन व्रोबेल. पेनसिल्व्हेनियातल्या कोळशाच्या खाणींकडचे, पोलिश, आणि (बस आधी) आपल्या बाप्टिस्ट गावात कॅथलिक. बायकोचं नाव बर्नाडेट. मुली चार. आपल्याकडे नवा पाद्री आला की घरटी एक पौंड काहीतरी नेऊन द्यायचं, हा रिवाज तू तिकडे जाऊन विसरली नसशील. मी महिला मंडळात म्हटलं की कोचांनाही पौंड द्यावा. व्हर्डी क्रंप फणकारली, "पौंड हा पाद्र्याचा मान. चेंडू काखोटीला मारून पळायला शिकवणाऱ्याला कशाला? तोही पोपचा माणूस!"

मी म्हटलं, "व्हर्डी, ब्रदर टिलरींनी आपल्याला फक्त स्वर्गात न्यायचंय. या माणसाला आपल्या संघाला जिंकायला लावायचंय. अवघड काम कोणाचं?" देव मला क्षमा करो, पण ठराव एकमताने पास झाला.

सदतीस घरांतून आम्ही गेलो. लोणी, कॉफी दुसरी कोणी आणेलच, असं प्रत्येकीला वाटलं. त्यामुळे एकतीस पौंड साखर जमली. बर्नाडेटबाई दारात उभ्या राहून पिशव्या घेत होत्या, घेत होत्या, आणि शेवटी नवऱ्याच्या कानाशी लागल्या, "स्टॅन, या लोकांना आपण मिठाईवाले वाटतो का रे?"

कोच मात्र पायरीवर आले आणि म्हणाले, "बायांनो, उपकार झाले. पण मला साखरेपेक्षा तुमची घरं हवीत. दर रविवारी प्रत्येकीने माझ्या दोन पोरांना जेवायला घाला. ज्याच्या घरचं जेवलो, त्याच्यासमोर शनिवारी मान खाली घालायला त्यांना लाज वाटली पाहिजे."

मला हा माणूस आवडला. क्लेटनला नमस्कार सांग.

तुझी ताई,
आर्वेला

ब्रॅझेल, अलाबामा
२० फेब्रुवारी १९७३

प्रिय ताई,

एकतीस पौंड साखर! मी पत्र जेवताना मोठ्याने वाचलं आणि क्लेटनला ठसका लागला. तुमच्या कोचांना म्हणावं, पोरांना साखरेचं पोतं उचलायला लावा, व्यायाम तरी होईल.

रागावू नकोस. पण एकवीस सामने हरलेल्या संघावर तू इतका जीव लावतेस, ते मला कळत नाही. इकडे ये एकदा. आमचं मैदान पन्नास हजार माणसांचं. क्लेटन आता संघाला पैसा पुरवणाऱ्या टचडाऊन क्लबाचा अध्यक्ष झालाय, म्हणजे कोचांना पाठीवर थाप मारायचा पहिला मान आमचा. आमचे बक मॅकएल्रॉय कोच म्हणजे देवमाणूस. गेल्या आठवड्यात त्यांच्या नावाने केक कापला. चार थरांचा होता, ताई.

हर्शेल भाऊजींना सांग, गाड्यांच्या रेघा मारायला सोप्या. मध्ये कोणी धावत येत नाही.

लोरीन

पाईन फोर्ड
२६ नोव्हेंबर १९७३

प्रिय लोरीन,

गाड्यांच्या रेघांचा विनोद मी हर्शेलला सांगितला नाही. तुझं पत्र मी शिवणाच्या डब्यात तळाशी ठेवलंय.

हंगाम संपला. पहिले सहा सामने हरलो. सातव्यात बरोबरी झाली आणि त्या संध्याकाळी लोक असे रस्त्यावर उतरले की शेरिफला वाटलं, युद्ध संपलं. शेवटून दुसरा आम्ही जिंकला, तीन विरुद्ध दोन. लोरीन, मी त्या संध्याकाळी रडले. तीन-दोन म्हणजे काही मोठा आकडा नाही, हे मलाही कळतं. शेवटचा पुन्हा हरलो, पण पराभवात आता जरा अब्रू असते.

रविवारी माझ्याकडे दोन पोरं येतात. एक नदीकाठच्या डेल्टाकडचा, डेलरॉय म्हणून, दारातून आडवा होऊन येतो इतका रुंद. पहिल्या रविवारी त्याने भट्टीतून काढलेली अकरा गरम बिस्किटं खाल्ली आणि बाराव्याकडे बघून म्हणाला, "नको मॅडम, आईने सांगितलंय, परक्या घरी हावरटपणा करू नकोस." पुढच्या शनिवारी त्याच्या अंगावर तिघे पडले तरी चेंडू त्याने सोडला नाही. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे, लोरीन, आठशे माणसांत! दुसऱ्या रविवारी मी पीठ दुप्पट मळलं.

कोच पहाटे मैदानावर येतात आणि हर्शेलबरोबर दोरी धरतात. म्हणतात, "रेघ सरळ असली की पोरगंही सरळ धावतं." खरं-खोटं देव जाणे. पण गेल्या साली जीव उडालेल्या हर्शेलने रेघा वाकड्या मारल्या होत्या, त्या यंदा अशा आल्यात की आपल्या आईची भांगाची रेघ आठवावी. आता तो मीठ तोंडाने मागतो.

तुमचे मॅकएल्रॉय कसे आहेत? यंदा पाचच जिंकले म्हणे.

आर्वेला

ब्रॅझेल
८ डिसेंबर १९७३

प्रिय ताई,

मॅकएल्रॉयचं नाव काढू नकोस. लोकांनी त्याच्या अंगणात 'घर विकणे आहे' अशा पाट्या रोवल्यात, म्हणजे गाव सोड. चौदा मोजल्या. एक आमच्या हिरवळीवरची कुंपणाची फळी काढून केलेली आहे आणि ती कोणी रोवली, हे मी विचारलेलं नाही. त्याची बायको सकाळी उठून पाट्या काढते आणि उन्हाळ्यात टोमॅटोच्या वेलांना आधार होईल म्हणून साठवून ठेवते.

तुमचा कोच गमतीशीर दिसतो. क्लेटन विचारत होता, सहजच, वय काय त्यांचं? करार किती वर्षांचा? मी म्हटलं, ताईला असल्या गोष्टी काय ठाऊक! तरी कळव. त्याला उगाच चौकशा असतात.

लोरीन

पाईन फोर्ड
१४ ऑक्टोबर १९७४

प्रिय लोरीन,

सहा सामने, सहा विजय! दुसरं काही लिहायला हात वळत नाही. परवा तर आम्ही चौतीस-सहाने मारलं. समोरचे सामना संपल्यावर बसमध्ये बसून राहिले, जेवायला उतरेनात.

कोचांबद्दल किती लिहू? माणूस ओरडत नाही. हरलेल्या पोराच्या बाजूला जमिनीवर बसतो आणि गवत उपटत राहतो, बस. वर्तमानपत्रवाले आले तर म्हणतो, "मला काय विचारता, डेलरॉयच्या आईला विचारा." वय बेचाळीस. करार कागदावर नाहीच, अध्यक्षांशी हातात हात घेऊन वर्षावर्षाला ठरवतात. वर्षाचा पगार ब्याण्णवशे डॉलर, त्यात चार मुली. तरी एका शब्दाने तक्रार नाही. असा माणूस उभ्या अमेरिकेत दुसरा असेल, असं मला वाटत नाही. क्लेटनला वाचून दाखव. चार थरांचा केक कापणाऱ्यांना कळू दे.

हंगामाचे चार सामने उरलेत, पण विश्वस्तांची अट आता पुरी झाली. गाड्यांचं नाव कोणी काढत नाही. हर्शेल कालच्या प्रार्थनेला उभा राहिला आणि म्हणाला, "देवाचे आभार." सत्तावीस वर्षांत तो चर्चमध्ये पहिल्यांदा बोलला. ब्रदर टिलरी दचकले.

आर्वेला

पाईन फोर्ड
११ नोव्हेंबर १९७४

लोरीन,

परवा, शनिवारी, आमच्या लाकडी बाकांच्या सगळ्यात वरच्या रांगेत तीन परके पुरुष बसले होते. बूट असे चकचकीत की त्यात आभाळ दिसावं. हर्शेल रेघेपाशी उभा होता, त्याने वर पाहिलं आणि मला खुणेने बोलावलं. म्हणाला, "तो मधला, काळा चष्मा आणि टोपी कपाळावर ओढलेला. चालताना डावा खांदा खाली टाकतो. आपल्या क्लेटनसारखा नाही वाटत?"

मी थेट वर चढून गेले. म्हटलं, "क्लेटनराव, या की घरी! कोंबडी आहे." तुझे क्लेटनराव टोपी आणखी खाली ओढून म्हणाले, "अरे, ताई! मी इकडे शिकारीचं कुत्रं बघायला आलो होतो." मी विचारलं, "फुटबॉल खेळतं का कुत्रं?" बाकीचे दोघे एकदम गवताचं कौतुक करू लागले.

लोरीन, आपल्या आईने आपल्याला काय शिकवलं? आपला पाद्री चांगला निघाला तर परगावच्या माणसापुढे त्याची तारीफ करायची नाही. नाही तर त्यांच्या चर्चची माणसं शेवटच्या बाकावर येऊन बसतात, ऐकतात आणि महिन्याभरात पाद्र्याला उचलून नेतात. पाद्र्याच्या बाबतीत मी हे तीस वर्षं पाळलंय. परगावच्या मावशीने विचारलं, "कसे आहेत तुमचे ब्रदर?" की मी सांगते, "उपदेश जरा लांबतो." कोचांच्या बाबतीत मात्र अक्कल कुठे गेली होती माझी? संघ जिंकू दे म्हणून मी देवाजवळ दोन वर्षं मागणं मागितलं, आणि कोणाच्या नजरेत येऊ देऊ नको, हे मागायचं राहून गेलं.

आता मी खोटं लिहिणार नाही, पण खरं आहे तेवढं सगळं लिहिते, ते क्लेटनला जरूर वाचून दाखव. व्रोबेल कोच शुक्रवारी संध्याकाळी ओसरीवर बसून बिअर पितात, आणि हा आमचा दारूबंदीचा जिल्हा आहे. मक्याच्या सांज्यावर आपण मीठ-लोणी घालतो, ते साखर घालून खातात. मी डोळ्यांनी पाहिलंय. प्रार्थना चालू असताना दोन बोटांनी टेबलावर खेळाच्या चाली आखतात. त्यांच्या गाडीचा दरवाजा दोरीने बांधलेला आहे आणि कुत्रं पुढे बसतं. गोल्फ खेळता येत नाही. देणगीदार कोण आणि झाडूवाला कोण, हे त्यांना ओळखता येत नाही, दोघांनाही सारखाच हात मिळवतात. कॉलेजच्या अध्यक्षांना त्यांनी पाऊण तास ताटकळत ठेवलं, कारण हर्शेलची दोरी गुंतली होती आणि ते गुडघ्यावर बसून ती सोडवत होते. असा माणूस तुमच्या पन्नास हजारांत शोभेल का, तूच सांग.

आर्वेला

ब्रॅझेल
१६ नोव्हेंबर १९७४

प्रिय ताई,

मी क्लेटनला तुझी पत्रं कधी दिली नाहीत, शपथेवर सांगते. मी फक्त मोठ्याने वाचते, ती माझी लहानपणापासूनची सवय, आणि तो जेवत असतो.

या खेपेचं पत्रही त्याने ऐकलं. मग खिशात घातलं आणि क्लबात नेऊन उभ्याने वाचलं. बिअरच्या वाक्याला टाळ्या पडल्या. सांज्यावर साखर घालतात हे ऐकून एक म्हातारे सावकार म्हणाले, "चला, एक तरी दोष निघाला, नाही तर मला संशयच येत होता." आणि दोरी सोडवण्याचं वाचताना, ताई, क्लेटनचा आवाज बसला. आपल्या बापाच्या दफनविधीला त्याचा आवाज बसला नव्हता.

मॅकएल्रॉयला काल काढलं. मला वाईट वाटतंय. मॅकएल्रॉयचं नव्हे (थोडं त्याचंही), तुझं. तू माझ्याशी बोलणं टाकणार नाहीस ना? क्लेटनचं कुत्र्याचं निमित्त मला आधीपासून ठाऊक होतं. तो कधी शिकारीला जात नाही, हे ताईला ठाऊक आहे, असं मी त्याला म्हटलंही होतं.

लोरीन

पाईन फोर्ड
३० डिसेंबर १९७४

प्रिय लोरीन,

सहा आठवडे मी पत्र टाकलं नाही. बोलणं टाकलं नव्हतं. मनात बोलत होते आणि ते लिहिण्यासारखं नव्हतं.

नाताळच्या आदल्या मंगळवारी व्रोबेल कोच मागच्या दाराने स्वयंपाकघरात आले. टोपी हातात घेऊन खुर्चीच्या कडेवर बसले. मी कॉफी ठेवली, ती त्यांनी प्यायली नाही. म्हणाले, "ब्रॅझेलवाले अडतीस हजार देतायत, हर्शेल. चार पोरी आहेत. मोठी वर्षभरात कॉलेजला जाईल."



मग विचारलं, "तुम्ही काय केलं असतं?"

हर्शेलने टेबलक्लॉथची सुरकुती सरळ केली. मग म्हणाला, "गेलो असतो. आणि जाताना तुमच्यासारखाच चेहरा केला असता."

कोच रडले. मोठा माणूस माझ्या स्वयंपाकघरात रडला, लोरीन, आणि मी त्याच्यावर रागवायचं ठरवून बसले होते ते जमलं नाही. मी म्हटलं, "ब्रॅझेलला माझी बहीण आहे. स्वयंपाक बरा करते. मोठ्याने वाचते, तेवढं सांभाळा."

तेव्हा आता तो माणूस तुझ्या पदरात आहे. त्याला उपाशी पोटी प्रश्न विचारू नका. पहिले सहा सामने हरला तर अंगणात पाट्या रोवू नका. क्लेटनला सांग, कुंपणाच्या फळ्यांना हात लावला तर मी स्वतः बसने येईन. बर्नाडेटबाईंना जवळपास कॅथलिक चर्च दाखव, आणि त्या कोबीत भात-मटण गुंडाळून आणतील ते मुकाट्याने खा. चव छान असते.

आता माझं काम ऐक. आम्ही दहापैकी आठ जिंकले, म्हणून विश्वस्तांना खेळ बंद करता येत नाही. पण त्यांनी नवी पळवाट काढली: चौदा जानेवारीच्या सभेपर्यंत कोच मिळाला नाही, तर पुढचा हंगाम नाही. आणि एकदा थांबला की तो सुरू होत नाही, हे न कळायला मी काही बाळ नाही. पगार तोच, ब्याण्णवशे. अध्यक्षांनी अकरा जणांना पत्रं टाकली. नऊ नाही म्हणाले, एकाने उत्तर दिलं नाही आणि एक गेल्या साली वारलेले निघाले. हर्शेलने परवा चुन्याची पोती मोजली आणि नवी मागवायची की नाही, हे मला विचारलं. सत्तावीस वर्षांत त्याने मला कधी चुन्याबद्दल विचारलं नव्हतं.

मग काल जेवताना तो स्वतःच म्हणाला, "आर्वेला, त्यांनी काढलेला तो मॅकएल्रॉय आता काय करतो?"

मी म्हटलं, "पन्नास हजारांच्या मैदानावरचा माणूस आपल्याकडे कशाला येईल?"

तो म्हणाला, "ज्याने पन्नास हजारांच्या शिव्या खाल्ल्या, त्याला आपल्या आठशेंच्या गोडच लागतील."

तेव्हा तू आज संध्याकाळी, क्लेटनला न सांगता, त्यांच्या घरी जा. पुढच्या दाराने जा. त्या बाईंची आधी माफी माग. तुमच्या फळीची वेगळी माग. मग बक मॅकएल्रॉयना सांग की इथे घर विकत घ्यावं लागत नाही, कॉलेजचं आहे, छप्पर गळत नाही. रविवारी पोरं घरोघरी जेवतात, ते मोडायचं नाही, बाकी चाली त्यांच्या. बाप्टिस्ट असले तर उत्तम, नसले तरी आता आम्हाला सवय झालीय. डेलरॉयचं अजून एक वर्ष बाकी आहे आणि तो सध्या जेवताना एकही बिस्किट मागत नाही, हे मुद्दाम सांग. पडलेला माणूस दुसऱ्या पडलेल्याला ओळखतो, असं वाटलं तर तेही तुझ्या शब्दांत सांग.

हो किंवा नाही, एवढंच लिही. माणूस कसा आहे, ते मी इथे बघून घेईन. आणि चांगला निघाला, तर यापुढे मी तुला फक्त पाऊसपाण्याचं लिहीत जाईन.

चौदा तारखेच्या आत, उलट टपाली कळव. पाकिटावर तिकीट हवाई लाव, पैसे मी देते.

तुझी ताई,
आर्वेला